कंपॉझिटिंग शिकायचंय? मिसळीच्या हॉटेलातल्या मेन्यू बोर्डापासून सुरू करा

कोल्हापुरातली पोरं-पोरी सारखी विचारतात की व्हीएफएक्स शिकायला पुण्या-मुंबईला जावं का, क्लास कुठला लावावा, लॅपटॉप कुठला घ्यावा, आणि माझं सांगणं एकच असतंय की आधी एक शॉट स्वतः शूट करा आणि तो एकच शॉट शेवटाला न्या, म्हणजे बघणाऱ्याला कळताच कामा नये की यात काय बदललंय. नेटवरनं उतरवलेल्या तयार फुटेजवर ढीगभर ट्युटोरियल केली तरी हात वळतो पण नजर तयार होत नाही, कारण तिथं ऊन कुठनं येत होतं, सावलीचा रंग कसा होता हे तुम्ही बघितलेलंच नसतंय. आणि कंपॉझिटिंग म्हणजे सगळा नजरेचाच खेळ आहे, वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या वेळी तयार झालेली चित्रं एकाच कॅमेऱ्यानं एका दमात टिपल्यासारखी बसवायची.

सॉफ्टवेअरवर जास्त वेळ घालवू नका. न्यूक हे कंपॉझिटिंगचं सॉफ्टवेअर, त्याची नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट मिळते, आउटपुट १९२० बाय १०८० पर्यंतच देते आणि त्यावर पैशाचं काम करायचं नाही, पण शिकायला भरपूर झालं. दुसरा पर्याय म्हणजे डाविंची रिझॉल्व्ह, त्याच्या फुकट आवृत्तीत फ्यूजन नावाचा कंपॉझिटिंगचा भाग आहे. आफ्टर इफेक्ट्स येत असेल तर चांगलंच, पण ते लेयरवर चालतं, म्हणजे एकावर एक थर, आणि फिल्मचं बहुतेक काम नोडवर होतं, म्हणजे एकेक क्रियेचा डबा तारेनं पुढच्याला जोडत जायचा, म्हणून एक नोडवालं घ्या आणि त्यालाच धरून राहा.

आता शॉट. ओळखीच्या एखाद्या मिसळीच्या हॉटेलात जा, मालकांना विचारा, भिंतीवर छातीच्या उंचीला मेन्यू बोर्ड असतो बघा काळा, तो आपल्याला बदलायचाय. फोनवर एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि यामुळं ट्यूबलाइट फडफडत नाही. कॅमेरा हातात धरा, हळू थोडा सरका, आणि दोस्ताला बोर्डासमोरनं चालत जाऊ दे. ४ सेकंद बास, म्हणजे १०० फ्रेम. घरी यायच्या आधी तिथं उभं राहून नीट बघा, दारातनं किती उजेड येतोय, बोर्डावर ट्यूबची चमक कुठं पडलीय, बोर्डाची सावली भिंतीवर किती आहे. मोबाइलवर दोन-चार स्टिल फोटो पण काढून ठेवा.

घरी आल्यावर लगेच काही जोडायला जाऊ नका, आधी फुटेज एक-एक फ्रेम बघा आणि लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगवेगळा बघा, न्यूकमध्ये व्ह्यूअरवर आर, जी, बी दाबलं की झालं. निळ्या चॅनेलमध्ये बहुतेक वेळा सगळ्यात जास्त ग्रेन, म्हणजे हलणारे बारीक दाणे, दिसेल, ते लक्षात ठेवा, शेवटी लागतंय.

मग ट्रॅकिंग, म्हणजे बोर्ड फ्रेममध्ये कसा हलतोय ते सॉफ्टवेअरनं धरायचं. चार कोपरे चार ट्रॅकरनं धरता येतात, पण दोस्त मधनं गेला की कोपरा झाकला जातो आणि ट्रॅकर त्याच्या शर्टाबरोबर निघून जातो, म्हणून सपाट वस्तूला प्लेनर ट्रॅकर बरा, तो पूर्ण पृष्ठभाग बघतो, फक्त दोस्ताच्या अंगावर एक ढोबळ आकार काढून तेवढा भाग ट्रॅकमधनं वगळायचा. ट्रॅक बरोबर आलाय का हे बघायला बोर्डावर चौकड्यांचं डिझाइन टाकून फिरवून बघा, घसरत असेल तर इथंच दुरुस्त करा, पुढं जाऊन ते रंगानं झाकत नाही. मग तुमचा नवा बोर्ड कॉर्नर पिननं, म्हणजे चार कोपरे चार कोपऱ्यांवर ताणून, बसवा. तो बहुतेक मूळ फुटेजपेक्षा जास्त धारदार दिसणार, फोनची लेन्स एवढी धारदार नसते, म्हणून शेजारच्या एखाद्या अक्षराची कड बघून तेवढाच हलका ब्लर द्या.

आता जिथं खरं काम आहे तिथं आलो. तुमच्या डिझाइनमधला काळा म्हणजे शून्य. हॉटेलातला काळा शून्य नसतो. जुन्या बोर्डावरच्या सगळ्यात काळ्या जागेवर कर्सर नेऊन आकडे वाचा, समजा लाल ०.०१५, हिरवा ०.०१८, निळा ०.०२४ असं काहीतरी येईल, म्हणजे दारातनं येणारा आभाळाचा उजेड त्या काळ्यात मिसळलाय आणि म्हणून तो जरासा निळसर आहे. ग्रेड नोडमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग बदलायच्या नोडमध्ये, तुमच्या काळ्याला नेमकं तिथं आणा, पांढऱ्याला भिंतीवरच्या पांढऱ्याजवळ आणा, मग एकेक चॅनेल वेगळा बघून जुळवा. लाल चॅनेल एकट्यानं बघितला की तो करड्या रंगात दिसतो आणि बोर्ड उजळ आहे का गडद ते पटकन कळतंय, रंगीत चित्रात डोळा फसतो. व्ह्यूअरचा गॅमा वर करून काळे बघा, खाली करून उजळ भाग बघा. नवशिक्यांच्या दहा शॉटमधले नऊ इथंच पकडले जातात असं माझं मत आहे, ट्रॅक छान असतो पण काळा रंग तरंगत असतो.

जुन्या बोर्डावरची ट्यूबची चमक फेकू नका, ती काढून नव्या बोर्डावर स्क्रीन किंवा प्लसनं परत टाका, या दोन्ही पद्धती उजेड वाढवतात. चौकटीची सावली मल्टिप्लायनं, ती गुणून गडद करते.

हे सगळं लिनियरमध्ये व्हायला पाहिजे, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात पाहिजेत. फोनच्या व्हिडिओतले उजेडाचे आकडे स्क्रीनवर बरे दिसावेत म्हणून वाकवलेले असतात, एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या पद्धतीमधला ०.५ हा खरा उजेड म्हणून मोजला तर साधारण ०.२१ भरतो, त्यामुळं हा वाक न सोडवता ब्लर किंवा बेरीज केली की कडा मळकट होतात. न्यूक फुटेज आत घेतानाच ते सोडवतं, फक्त कलरस्पेस बरोबर निवडलंय का बघा, फ्यूजनमध्ये ते आपण लावायचं.

अल्फा पण इथंच समजून घ्या. एखाद्या पिक्सेलमध्ये वस्तू किती भरलीय त्याचा तो आकडा, ० म्हणजे नाही, १ म्हणजे पूर्ण. टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली जे गणित मांडलं तेच आजही मर्ज नोडच्या, म्हणजे एक चित्र दुसऱ्यावर ठेवणाऱ्या नोडच्या आत आहे: वरचा रंग, अधिक खालचा रंग गुणिले १ वजा वरचा अल्फा. हे चालायला वरचा रंग आधीच अल्फानं गुणलेला लागतो, त्याला प्रीमल्टिप्लाय म्हणतात. गुणलेल्या चित्रावर थेट ग्रेड मारला की कडेला काळी नाहीतर पांढरी रेघ येते. म्हणून अनप्रीमल्ट (अल्फानं परत भागणं), ग्रेड, प्रीमल्ट, हा क्रम पाठ करा.

नवा बोर्ड दोस्ताला झाकून टाकतो, म्हणून दोस्त बोर्डावर परत आणायला रोटो करावा लागणार, म्हणजे त्याच्या कडेनं आकार काढून तो त्याच्याबरोबर हलवत न्यायचा. अख्ख्या माणसाभोवती एकच आकार काढाल तर रडवेल, डोकं, धड, दंड, कोपरापासून पुढचा हात असे वेगळे आकार करा. कीफ्रेम, म्हणजे आकार हातानं बसवलेली फ्रेम, प्रत्येक फ्रेमला देऊ नका, हात जिथं पुढं जाऊन थांबतो आणि जिथं मागं जाऊन थांबतो तिथं आधी द्या, मग मधोमध, मग जिथं सुटतंय तिथंच. कमी कीफ्रेम असल्या की कड थरथरत नाही. रोटोला मोशन ब्लर चालू करा, फुटेजमधल्या हाताच्या पुसटपणाशी जुळतोय का बघा.

शेवटी ग्रेन. नवा बोर्ड गुळगुळीत असतो आणि बाकी चित्र जिवंत सळसळतंय, म्हणून चॅनेलनुसार ग्रेन द्या, निळ्याला जास्त. आता चित्र आडवं उलटं करून बघा, सवयीची नजर मोडते आणि चूक समोर येते.

हा शॉट झाला की मग ग्रीन स्क्रीन, म्हणजे माणसामागं हिरवा कपडा लावून नंतर तो हिरवा काढून टाकायचा. हिरवा कपडा का, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे फोटोसाइट लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, तिथं माहिती जास्त आणि नॉइज कमी मिळतो. कपडा सुरकुती न ठेवता ताणा आणि माणूस त्याच्यापासनं सहा-आठ फूट पुढं उभा करा. आपल्याकडं यासाठी पावसाळा लय भारी, पावसाची उघडीप असली की ढगाळ आभाळाचा उजेड गच्चीवर सगळीकडं सारखा पडतो, तसा मिळवायला स्टुडिओत बरेच दिवे लावावे लागतात. फोनच्या व्हिडिओत रंगाची माहिती बहुतेक चार पिक्सेलमागं एकदाच साठवलेली असते, म्हणून केसांच्या कडा करवती येतात. हिरवा रंग ओळखून काढण्याला की म्हणतात, एकाच कीनं सगळं काढायला बघू नका, आतल्या भागाला एक कडक की, केसांच्या कडेला एक मऊ की, दोन्ही जोडा, नको तो भाग रोटोनं कापा. डीस्पिल, म्हणजे माणसावर पडलेली हिरवी झाक काढणं, वेगळा करा, हिरवा आकडा लाल आणि निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ द्यायचा नाही हे साधं गणित बऱ्याच वेळा पुरतं.

नजरेसाठी अजून एक करा, राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात जाऊन निसर्गचित्रं बघा, लांबची टेकडी जवळच्या झाडापेक्षा किती फिकी आणि थंड रंगवलीय ते बघा, मॅट पेंटिंग, म्हणजे रंगवलेली पार्श्वभूमी, जोडताना नेमकं हेच लागतंय. या गावाला हे नवं नाही, मूकपटांच्या काळातले इथले दिग्दर्शक बाबुराव पेंटर आधी नाटकांचे पडदे रंगवायचे आणि मग त्यांनी सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला.

क्लास लावायचाच असेल तर फी भरायच्या आधी शिकवणाऱ्याला एकच सांगा, तुमचा एखादा शॉट उघडून नोड दाखवा. दाखवत नसतील तर दुसरीकडं बघा. कामाची सुरुवात बहुतेकांची रोटो, पेंट (नको ते पुसणं) आणि प्रेपनं (फुटेज कामासाठी साफ करणं) होते, आता त्यातलं बरंच मशीन लर्निंग करतंय हे खरं, पण बिघडलेली कड ओळखून नीट करणारा माणूस लागतोच. शोरील, म्हणजे स्वतःच्या कामाचा नमुना व्हिडिओ, एक मिनिटाच्या आत ठेवा, चांगले तीन शॉट असतील तर तीनच टाका, प्रत्येकाच्या खाली तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहा आणि मूळ फुटेजपासनं शेवटापर्यंत ब्रेकडाउन, म्हणजे शॉट टप्प्याटप्प्यानं कसा बनला ते, दाखवा. मेन्यू बोर्डाचा शॉट त्यात पहिला टाकला तरी चालतोय, फक्त आधी मूळ फुटेज न दाखवता तयार शॉट चालवा.