राज्याराज्यांतल्या संस्थांची मोट बांधताना: आधी सुरक्षित संपर्काचा रकाना

सभागृह, जेवण, तिकिटं यांची यादी कुणालाही करता येते, ती इथे नाही. कौटुंबिक हिंसाचारावर काम करणाऱ्या निरनिराळ्या राज्यांतल्या संस्थांची मोट बांधायला निघाला असाल, तर पहिल्या बैठकीआधी एकपानी फॉर्म तयार हवा. बाई एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली की तिची केस कोण कुणाकडे सोपवणार, याचा फॉर्म. त्यावर सगळ्यात वर, नावाच्याही वर, सुरक्षित संपर्काचा रकाना. मागच्या वेळी आमच्याकडून नेमका हाच राहिला. त्यामुळे तो खाली पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

रकान्यात एवढं हवं: कोणत्या नंबरवर फोन करायचा, किती ते किती वाजेपर्यंत, दुसऱ्या कुणी उचलला तर आपण कोण म्हणून सांगायचं, मेसेज चालेल का, आणि फोन लागला नाही तर किती दिवसांनी कुणामार्फत चौकशी करायची. सगळं तिलाच विचारून. शिवणक्लासमधून बोलतेय म्हणायचं की बचत गटातून, हे तिनेच ठरवायचं, कारण घरात काय खपेल ते तिलाच ठाऊक. सिम नवऱ्याच्या नावावर असतं, ट्रूकॉलरवर संस्थेचं नाव झळकतं, रात्री कॉलची यादी तपासली जाते. इकडच्या समुपदेशकाला हे पाठ असतं म्हणून ती लिहीत नाही. तिकडच्या संस्थेला काहीच माहीत नसतं म्हणून ती सरळ फोन लावते. घात तिथे होतो.

बोलावताना फक्त संस्थांवर थांबू नका. प्रत्येक राज्यातून संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला), सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र), महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन आणि मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा माणूस हवा. महाराष्ट्रातून पोलिसांबरोबर काम करणारा महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष हवाच. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे काम पुढे इतर राज्यांनीही उचललं. रुग्णालयांना तर वगळूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितली होती. मदत न मागणारी बाईसुद्धा टाके घालायला दवाखान्यात येते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं दिलासा हे समुपदेशन केंद्र याच जाणिवेतून उभं राहिलं.

कायद्याचं अर्धं पान प्रत्येक राज्याच्या भाषेत छापून न्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार बाई तात्पुरती जिथे राहते तिथेही अर्ज करता येतो, आणि त्या कायद्याखालचा आदेश देशभर लागू असतो. सासरच्या छळाची तक्रार आसरा घेतलेल्या ठिकाणीही करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणणाऱ्या ठाण्यात झिरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घेतली जाणारी तक्रार. घटना अहवालाचा, म्हणजे हिंसेची हकीकत नोंदवण्याच्या फॉर्मचा, नमुना २००५ च्या कायद्याच्या नियमांतच आहे, तो नव्याने आखत बसू नका. मात्र त्यात फोन नंबरला जागा आहे, त्या नंबरवर बोलणं तिला धोक्याचं आहे का हे विचारायला नाही. म्हणून आपला रकाना वेगळ्या कागदावर, आणि तो कागद कोर्टाच्या फायलीत लावायचा नाही. फायलीची प्रत समोरच्या पक्षाला मिळते. कोर्टाच्या तारखेचे एसएमएस नोंदवलेल्या नंबरवरच जातात, तेव्हा तो देतानाही रकाना आधी बघा.

संमती लेखी घ्या, कोणती माहिती कोणत्या संस्थेला द्यायची हे लिहून. व्हॉट्सॲप गटात नाव, फोटो, कागदाचे स्क्रीनशॉट नकोत. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं गुन्हाच आहे. लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचारात मात्र पोक्सोनुसार (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, तिथे गुप्ततेचा शब्द देऊन बसू नका. आधी सांगा, मग ऐका.

सखी केंद्रात तात्पुरता मुक्काम साधारण ५ दिवसांचा, तेव्हा सोपवणी दुसऱ्याच दिवशी सुरू करा. दुभाषी तिच्या गावचा किंवा नात्यातला नको. केस मिळाल्याची पोच ४८ तासांत, नावानिशी जबाबदार माणूस, तो रजेवर असेल तर दुसरा. या माणसांचे नंबर दर महिन्याला तपासा. आणि रकाना दर वेळी नव्याने विचारून भरा, माहेरी गेल्यावर भावाचा फोनही सुरक्षित असेलच असं नाही.

बैठकीच्या आठवडाभर आधी दोन राज्यांतल्या दोन संस्थांमध्ये एक काल्पनिक केस सोपवून बघा. पलीकडच्या माणसाने वरचा रकाना न वाचता फोन लावला, तर फॉर्म बदला आणि बैठक पुढे ढकला.