व्हीलचेअर, श्रवणयंत्र, स्कूटरसाठी कर्ज काढताय? या चुका टाळा

दिव्यांग माणसाच्या उपकरणासाठी कर्ज काढायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "बँक देईल का?" खरं तर हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा. कर्ज फसतं ते बहुतेक वेळा बँकेत नाही, त्याच्या आधीच, वस्तू निवडताना फसतं. हप्ते चालू राहतात आणि खुर्ची गोव्यातल्या घराच्या बल्कांवात, म्हणजे ओसरीवर, धूळ खात पडते. म्हणून या लेखात बँकेचा नंबर मुद्दाम नंतर लावला आहे.

न वापरता वस्तू पसंत करणं

अमेरिकेत १९९८च्या सहाय्यक तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याराज्यांत कार्यक्रम चालतात. तिथे उपकरण आधी दाखवतात, काही दिवस घरी वापरायला देतात आणि पैशांची सोय हा त्याच कामाचा पुढचा भाग असतो. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. दुकानदार कॅटलॉग दाखवतो, शेजारी सांगतो "अमक्याने हीच घेतली", आणि कोटेशन थेट बँकेत जातं. गोव्यात वस्तू हाताळून बघायची चांगली संधी पर्पल फेस्टमध्ये मिळते. जानेवारी २०२३मध्ये पणजीत दिव्यांगांचा हा महोत्सव पहिल्यांदा झाला. तिथल्या प्रदर्शनात नुसते फोटो काढून परतू नका. बसून बघा, उतरून बघा, सोबत आलेल्या माणसाला खुर्ची उचलून गाडीत ठेवायला सांगा. पॉवर व्हीलचेअर घडी होते हे खरं, पण "हलकी" म्हणून विकली जाणारीसुद्धा पंचवीस-तीस किलो असू शकते. घरी ती रोज उचलणार कोण?

मग टेप घेऊन घर मोजा. अठरा इंची सीटच्या साध्या व्हीलचेअरची एकूण रुंदी पंचवीस-सव्वीस इंचांवर जाते. जुन्या घरातल्या न्हाणीचं दार दोन फुटांचं असेल तर ती आत जाणारच नाही. सीट माणसाच्या कमरेच्या रुंदीपेक्षा इंचभरच मोठी हवी. "जरा सैल असू दे" म्हणून मोठी घेतली की बसणारा एका बाजूला कलतो आणि पाठीचं दुखणं मागे लागतं. माप घेऊन बनवलेल्या खुर्च्या आता भारतातही मिळतात. आयआयटी मद्रासच्या संशोधनातून निघालेली निओफ्लाय ही त्यांपैकीच एक. तिला निओबोल्ट हा मोटारचा भाग जोडला की ती रस्त्यावर चालते. अशी खुर्ची महाग वाटते खरी, पण मापाबाहेरची स्वस्त खुर्ची दोनदा घ्यावी लागते.

रॅम्पचा हिशोब तर बहुतेक कुणी करतच नाही. सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आपल्या चिऱ्याच्या घरांचं जोतं उंच असतं. सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या असतील तर उंची चोवीस इंच भरते आणि रॅम्प चोवीस फूट लागतो. आंगणात तेवढी जागा आहे का? नसेल तर तो वळवून घ्यावा लागेल, मध्ये सपाट टप्पा द्यावा लागेल, आणि त्या गवंडीकामाचे पैसे कोटेशनमध्ये कुठेच नसतात. कर्ज मागताना हा खर्चही धरा. खुर्ची पावसाआधी आली आणि रॅम्प चतुर्थीनंतर झाला, तर मधले महिने हप्ता फुकट जातो.

श्रवणयंत्राचं दुखणं वेगळं. ते विकत घेतल्यावर काम संपत नाही, तिथून सुरू होतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा अहवाल, ताजा हवा. यंत्र कानाशी जुळवायला ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्या फेऱ्यांचे पैसे किमतीत धरले आहेत का, ते लिहून घ्या. बटन सेलवर चालणारं लहान यंत्र असेल तर एक सेल साधारण आठवडाभर पुरतो, म्हणजे दोन्ही कानांचे मिळून वर्षाला शंभराच्या आसपास सेल लागतात. आणि आपला पावसाळा! दमट हवेत यंत्रात ओल शिरते. सिलिका जेलची सुकवणी डबी यंत्रासोबतच मागून घ्या, फार खर्चाची नाही.

दुरुस्ती कुठे होणार, हेही कर्जाआधीच विचारा. "कुरिअरने मुंबईला पाठवा" असं उत्तर आलं, तर तेवढे दिवस माणूस खाटेवरच राहणार. पॉवर व्हीलचेअरमधली लेड-ॲसिड बॅटरी साधारण दीड-दोन वर्षांत मान टाकते. हप्ते तीन वर्षांचे असतील, तर तिसऱ्या वर्षी जुना हप्ता आणि नवी बॅटरी असे दोन्ही खर्च एकदम अंगावर येतात.

जे फुकट मिळतं त्यासाठी कर्ज

दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी महागडं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं, सॉफ्टवेअर कर्जाने घेतलेलं पाहिलं की वाईट वाटतं. एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा स्क्रीन रीडर मोफत आहे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक आवाजात मराठीही आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर आधीच बसवलेलं असतं. हे नीट शिकून घ्या. त्यानंतरही नोकरीत एखादं सशुल्क सॉफ्टवेअर लागलंच, तर ते घ्या. कर्ज लॅपटॉपसाठी काढा, ब्रेल डिस्प्लेसाठी काढा. मोफत मिळणाऱ्या गोष्टीसाठी नको.

व्हीलचेअर, तीनचाकी, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र यांसाठी केंद्र सरकारची ॲडिप योजना १९८१पासून आहे. मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर पूर्ण मदत, आणि त्यापुढे ३०,०००पर्यंत निम्मी. एकाच कामासाठी पुन्हा मदत साधारण ३ वर्षांनीच मिळते, म्हणून पहिल्या वेळी चुकीची वस्तू उचलून आणू नका. कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कारखान्याची शिबिरं भरतात. तिथे आधी तपासणी आणि माप होतं, वाटप नंतरच्या तारखेला. गोव्यात दिव्यांगजन सक्षमीकरण खातं वेगळं आहे. पुढचं शिबिर कधी, ते तिथे विचारा. मग ठरवा, थांबायचं की कर्ज काढायचं. थांबणं परवडत नसेल, मुलाचं शिक्षण अडत असेल, तर कर्ज काढा. त्यात कमीपणा काही नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. आधी खरेदी करून नंतर अनुदान किंवा कर्ज मागितलं, तर बहुतेक योजनांत ते मिळत नाही. मंजुरी झाल्यावर पैसे सहसा थेट विक्रेत्याला जातात. दुकानदार "थोडं ॲडव्हान्स देऊन ठेवा, किंमत वाढणार आहे" म्हणाला तरी खिशात हात घालू नका.

योजनेचं नाव माहीत नसणं

दुकानातली "नो कॉस्ट ईएमआय" सगळ्यांना ठाऊक असते. राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त आणि विकास महामंडळाचं नाव मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १९९७मध्ये ते केंद्र सरकारने स्थापन केलं, तेव्हा नावात "दिव्यांगजन" नव्हतं. त्याची दिव्यांगजन स्वावलंबन योजना आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व हवं. धंदा आणि शिक्षण यांच्यासोबत सहाय्यक उपकरणं आणि वाहनात करून घ्यायचे बदल यांसाठीही कर्ज मिळतं. व्याज रकमेच्या टप्प्यानुसार आहे, लहान रकमेला सगळ्यांत कमी. महामंडळ स्वतः काउंटर उघडून बसत नाही. राज्यातली नेमलेली संस्था किंवा करार झालेल्या बँका यांच्यामार्फत काम होतं. त्यामुळे जवळच्या शाखेत "अशी योजना आमच्याकडे नाही" असं उत्तर मिळालं, तरी योजना नाही असा अर्थ काढू नका. त्या शाखेत ती नाही, इतकंच.

कागदांत अडकणं

इथे लवकर पुढे जाऊ, कारण दुखणं नेहमीचंच आहे. जुनं प्रमाणपत्र असेल तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, करून घ्या. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. तुमचा प्रकार कार्डावर नीट लिहिला आहे का, ते वाचा. तात्पुरतं प्रमाणपत्र असेल तर त्याची मुदत बघा. कर्जाच्या मध्यात ते संपायला नको. आपल्याकडचा खास घोळ म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. आधारवर नाईक एका पद्धतीने, प्रमाणपत्रावर दुसऱ्या, बँक पासबुकात तिसऱ्या. अर्जाआधी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. उत्पन्नाचा दाखला मामलेदार कार्यालयातून घ्यायचा असतो. तो जुना होतो, म्हणून सगळ्यांत शेवटी काढा.

व्याजदर ऐकून होकार देणं

"फक्त दहा टक्के" या तीन शब्दांवर जाऊ नका. दहा टक्के कशावर, ते विचारा. १ लाख रुपये ३ वर्षांसाठी घेतले आणि व्याज घटत्या शिलकीवर असेल, तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,२२७ आणि एकूण व्याज सुमारे १६,२०० रुपये. तेच दहा टक्के "फ्लॅट", म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण मूळ रकमेवर असेल, तर व्याज सरळ ३०,००० आणि हप्ता ३,६११. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. नाव तेच, खर्च जवळपास दुप्पट. प्रोसेसिंग फी आणि गळ्यात मारलेला विमा वेगळाच.

यावर उपाय सोपा आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य विवरण, म्हणजे केएफएस, द्यावंच लागतं. त्यात सगळी शुल्कं धरून वार्षिक टक्केवारी लिहिलेली असते. दोन ठिकाणची केएफएस मागा आणि तो एकच आकडा शेजारी ठेवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, किंवा फोनवर वाचता येईल अशी फाईल मागा. त्यात संकोच कसला?

हप्ता ठरवताना गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या पैशांवर सगळा भार टाकू नका. ते पैसे औषधाला आणि दूध-पावाला लागतात. शिवाय हप्त्याची तारीख आणि मदत खात्यात जमा व्हायची तारीख जुळेलच असं नाही.

घर तारण ठेवू, असं सहज म्हणणं

गोव्यात हे बोलायला सोपं, करायला कठीण. वडिलोपार्जित घर फॉर्म एक व चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, आजोबांच्या नावावर, वारस मुंबईपासून आखातापर्यंत पसरलेले, आणि इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, झालेलीच नाही, अशी घरं गावोगाव आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते. नाव एकाचं असलं तरी सही दोघांची लागते. श्रवणयंत्रासाठी इन्व्हेंटरीचा खटला काढण्यात शहाणपण नाही. उपकरण किंवा वाहनच तारण राहील अशा कर्जाची चौकशी करा, किंवा रक्कम कमी करून जामीनदारावर भागवा. जामीनदाराला मात्र खरं सांगा. "नुसती सही आहे, काका" म्हणणं ही फसवणूक आहे. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

स्कूटरला चाकं लावून मोकळं होणं

गोव्यात स्कूटर म्हणजे पाय. वेळेला बस मिळत नाही, फेरीबोटीवर चढायचं तरी स्वतःचं वाहन बरं. त्यामुळे सर्वाधिक कर्ज याच कामी जातं असं मला वाटतं, आणि घोळही इथेच होतो. शोरूममधून स्कूटर, ओळखीच्या गॅरेजमधून बाजूची चाकं, आणि वाहतूक खात्यात नोंद नाहीच. वाहनात बदल केला की तो आरसीवर, म्हणजे वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, "अनुकूलित वाहन" म्हणून चढायला हवा. चालवणाऱ्याच्या परवान्यावरही तो प्रकार हवा आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं. हे केलं नाही आणि अपघात झाला तर विमा अडतो, कर्ज मात्र तसंच राहतं. आरसीवर मालकीच्या प्रकारात "दिव्यांगजन" लिहिता येतं, २०२०पासून फॉर्ममध्ये तशी सोय आहे. बाजूच्या चाकांचा खर्च सुरुवातीलाच कर्जाच्या कोटेशनमध्ये घाला. नंतर तो रोखीने करावा लागतो.

अर्ज अडला, वस्तू बिघडली, हप्ता चुकला

कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. तोंडी "होत नाही" ऐकून परतू नका. कारण क्रेडिट स्कोअर असेल तर प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून वर्षाला एक अहवाल मोफत मिळतो. जुनं, फिटलेलं कर्ज त्यात उघडं दिसत असेल तर दुरुस्त करून घ्या. कारण दिव्यांगत्व असेल, म्हणजे "दिसत नाही, सही कशी करणार" अशा थाटाचं काही, तर २०१६च्या कायद्यातलं कलम १३ दाखवा. आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँक कर्ज मिळवण्याचा इतरांइतकाच हक्क त्यात लिहिला आहे. शाखेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्यासाठी फी नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडेही दाद मागता येते.

वस्तू बिघडली म्हणून हप्ता थांबवू नका. विक्रेत्याशी केलेला व्यवहार एक आणि बँकेशी केलेला दुसरा. भांडण विक्रेत्याशी आहे. त्यासाठी आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी आयोगात फी लागत नाही. वॉरंटी कार्डावर विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख आहे का, हे पहिल्याच दिवशी बघून ठेवलेलं बरं.

हप्ता चुकणार असं दिसलं तर तारखेच्या आधी शाखेत जा आणि मुदत वाढवून मागा. चुकल्यानंतर तेच बोलणं जड जातं, दंड लागतो आणि जामीनदाराला फोन जातो.

कर्ज फिटलं की बँकेकडून बाकी नसल्याचा दाखला घ्या. वाहन असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवून घ्या. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट अहवालात खातं बंद दिसतंय ना, ते तपासा. पुढच्या उपकरणाचा अर्ज याच नोंदीवर बघितला जाणार आहे.