चुनखडीच्या कड्यावर अनोळखी फूल: नमुन्यापासून नावापर्यंत

आधी खडक तपासा. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा (दहा टक्के) एक थेंब टाकला की चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइटवर नुसता थेंब टाकून फारसं काही होत नाही, खडकाची पूड केली तरच बुडबुडे दिसतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्येही कॅल्साइटच्या पांढऱ्या शिरा असतात आणि त्याही फसफसतात, म्हणून शीर सोडून खडकाच्या अंगावर दोन-तीन जागी थेंब टाकून बघा. महाराष्ट्रातली चुनखडी मुख्यतः वणी, कोरपना, राजुरा भागात. उभे, ओलसर, फुलझाडांनी भरलेले कडे बघायचे तर मेघालयाची दक्षिण कड किंवा त्याहून पूर्वेला उत्तर व्हिएतनाम आणि चीनचा ग्वांगशी स्वायत्त प्रदेश. तिथला एकेक डोंगर म्हणजे बेटच. माती बोटभर, पाणी झिरपून जाणारं, कॅल्शियम भरपूर आणि बी लांब जाण्याची सोय कमी. त्यामुळे प्रिम्युलिना, पेट्रोकॉस्मिया, बेगोनिया या प्रजातींमधल्या (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, जीनस) कितीतरी जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच सापडतात.

परवानगी वर जाण्याआधी घ्या. राखीव जंगल असेल तर वनखात्याची. खासी-जैंतिया टेकड्यांत बरीचशी जमीन कुळांची आणि गावाची असते, तिथे रंगबाह श्नोंग, म्हणजे गावप्रमुख, यांना भेटल्याशिवाय पाऊल टाकू नका. कड्याला आग्यामोहोळ आहे का, ते दुर्बिणीतून पाहून घ्या. अत्तर लावू नका, धूर करू नका. झिरपत्या पाण्याने साचलेले चुन्याचे थर घट्ट दिसतात, पण हाताला आधार म्हणून धरले की खपलीसारखे निघतात. बऱ्याचदा दोराची गरजच पडत नाही. कड्यावर दिसणारं रोप पायथ्याच्या घसरलेल्या शिळांवरही असतं, आधी तिथे शोधा.

रोपाला हात लावण्याआधी मोजणी करा. फुलावर आलेली रोपं वेगळी, पिल्लं वेगळी. पुढे धोक्याची श्रेणी ठरवताना हाच आकडा लागतो: आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांत प्रौढ रोपं ५० पेक्षा कमी असतील तर जात ‘अतिसंकटग्रस्त’ धरली जाते. वीस रोपांमागे एकापेक्षा जास्त घेऊ नका. वीससुद्धा नसतील तर मुळासकट काहीच उपटू नका, एक फुलोरा आणि एक-दोन पानं पुरतात. वनस्पतींना नावं देण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्रकारनमुना, म्हणजे जातीचं नाव ज्याला कायमचं बांधलेलं असतं तो नमुना, रोपाचा एखादा भागही असू शकतो. नुसता फोटो मात्र चालत नाही.

खरी गडबड फुलात होते. प्रिम्युलिनाच्या कुळातली फुलं मऊ नळीसारखी असतात. दाबली की चपटी होऊन आतलं सगळं चिकटतं आणि नेमकी ओळख आतच असते: सुपीक पुंकेसर दोन की चार, ते नळीच्या तळापासून किती मिलिमीटरवर चिकटलेत, वांझ पुंकेसर किती, कुक्षीचा आकार कसा, केसांच्या टोकाला ग्रंथी आहे की नाही. म्हणून ताजं फूल ब्लेडने उभं चिरून मिलिमीटरच्या पट्टीशेजारी ठेवा, फोटो काढा, दहापट भिंगाखाली मोजमापं लिहा. रंग तेव्हाच नोंदवा, अल्कोहोलमध्ये तो उतरतो. मग दोन-तीन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, थोडं ग्लिसरीन घातलं तर ती ठिसूळ होत नाहीत. बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि हातात कोरा कागद उरतो.

डीएनएसाठी पानाचा नखाएवढा स्वच्छ तुकडा सिलिका जेलमध्ये टाका. जेल पानाच्या वजनाच्या निदान दहापट हवं. रंग बदलला की जेल बदला. फॉर्मॅलिन लागलेला तुकडा या कामाला बाद.

कातळावरच्या रोपांची पानं मांसल असतात, ती दाबल्यावरही कित्येक दिवस जिवंत राहतात आणि मग काळी पडून गळतात, नाहीतर बुरशी धरतात. अशी पानं काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून पुसा, मग दाबा. फुलं बुडवू नका. टिपकागद पहिल्या चोवीस तासांत बदला, नंतर पान कडक होईपर्यंत रोज. पावसाळ्यात मंद उबदार हवा दिल्याशिवाय नमुना वाळत नाही.

चिठ्ठीवर गाव, उंची, कड्याचं तोंड कोणत्या दिशेला, सावली किती, शेजारी काय उगवलंय हे सगळं हवं. कड्याला खेटून घेतलेलं जीपीएस भरकटतं, कारण सिग्नल भिंतीवर आपटून येतो. अंदाजे चूक किती मीटरची, तेही लिहा.

आता तुलना, आणि घाई नडते ती इथे. फक्त भारताची फ्लोरा (वनस्पतींची नोंद असलेले ग्रंथ) चाळून ‘नवी’ ठरवलेली जात सिल्हेटच्या किंवा म्यानमारच्या जुन्या नमुन्यात निघू शकते. जवळच्या प्रत्येक जातीचा प्रकारनमुना निदान स्कॅनवर पाहा. निदान दहा वेगवेगळ्या रोपांची फुलं मोजा. नुसत्या पानाच्या आकारावर जाऊ नका, कपारीच्या सावलीत तेच पान दुप्पट मोठं होतं.

नाव ठरवताना आयपीएनआय या वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय यादीत ते त्याच प्रजातीत आधी वापरलंय का बघा. ‘कॅल्सिकोला’ म्हणजे चुनखडीवर राहणारी. सगळ्यांना हेच आधी सुचतं, म्हणून ते आधीच गेलेलं असण्याचा संभव जास्त. दुसऱ्यांदा दिलेलं नाव बेकायदा ठरतं. स्वतःचं नाव स्वतः देत नाहीत. वर्णन किंवा फरकाची टीप लॅटिन किंवा इंग्रजीत हवी, एकच होलोटाइप (लेखकाने नेमलेला मुख्य प्रकारनमुना) आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, आहे हे स्पष्ट हवं. १ जानेवारी २०१२ पासून आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेली ऑनलाइन पीडीएफही ग्राह्य आहे. शोधनिबंध येण्याआधी वर्तमानपत्रात नाव छापून आणू नका, त्याला नियमात काही किंमत नाही आणि नाव उगीच फिरायला लागतं. भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे.

नेमकी जागा शोधनिबंधात छापू नका. तालुका किंवा जिल्हा पुरे, अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या दप्तरात राहू द्या. उत्तर व्हिएतनाममधल्या चुनखडीच्या कड्यांवरचं पॅफिओपेडिलम व्हिएतनामेन्से हे ऑर्किड १९९९ मध्ये जगासमोर आलं आणि थोड्याच वर्षांत विक्रीसाठी गोळा करणाऱ्यांनी कडे जवळपास रिकामे केले.