जिवाणूंची ‘सुई’ समजून घेताना या चुका टाळा

नाशिकमध्ये सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना दरवर्षी उत्तरपत्रिकांत एक आकृती हमखास सापडते. डावीकडे जिवाणू, उजवीकडे माणसाची पेशी आणि दोघांच्या मधोमध दवाखान्यातली सिरिंज, तीही दट्ट्यासकट. चित्र सुबक असते, मागची मेहनत दिसते, त्यामुळे गुण कापताना वाईट वाटते. पण पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ या चित्रातच असते.

काही जिवाणू आपली प्रथिने सुईसारख्या नळीतून थेट दुसऱ्याच्या (यजमान) पेशीत पोहोचवतात; या रचनेला ‘टाइप थ्री’ स्राव यंत्रणा म्हणतात. तिच्यात दट्टा नसतो आणि द्रवही नसतो. साल्मोनेला या आतड्याचे आजार घडवणाऱ्या जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या या सुया १९९८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम स्पष्ट दिसल्या. जिवाणूच्या बाहेर डोकावणारा सुईचा भाग साधारण पन्नास-साठ नॅनोमीटर लांब असतो आणि तिची आतली पोकळी जेमतेम दोन ते अडीच नॅनोमीटर रुंद असते. घडी घातलेले प्रथिन एवढ्या चिंचोळ्या वाटेने जाऊच शकत नाही. म्हणून ते आधी उलगडले जाते, धाग्यासारखे एकामागून एक आत सरकते आणि यजमान पेशीत पोहोचल्यावर पुन्हा आपला आकार घेते. यासाठी लागणारी ऊर्जा एटीपी या पेशीच्या ऊर्जावाहक रेणूमधून आणि पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या प्रमाणातील फरकातून मिळते. शिवाय सुई पेशीला भोसकत नाही; तिच्या टोकाशी जिवाणूने पाठवलेली प्रथिने पेशीपटलात बसून छिद्र तयार करतात आणि पुढची वाहतूक त्या छिद्रातून होते.

दुसरी चूक अधिक खोल आहे. जिवाणूचे प्रत्येक विष अशा सुईतूनच जाते, असे विद्यार्थी धरून चालतात आणि पटकी, घटसर्प, धनुर्वात हे सारे एकाच आकृतीत कोंबतात. पटकीच्या जिवाणूचे विष आतड्याच्या पोकळीत मोकळे सोडले जाते, पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूला चिकटते आणि पेशी स्वतःच त्याला आत घेते. कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात जिवाणू गाळून काढलेला द्रव घातला आणि जिवंत जिवाणू नसतानाही तेथे पाणी साठलेले दाखवले. गोंधळ झाला की मी विद्यार्थ्यांना हीच कसोटी लावायला सांगते: गाळलेल्या द्रवाने परिणाम होतो का, की जिवंत जिवाणूने पेशीला स्पर्श करणे आवश्यक आहे? टाइप थ्रीला स्पर्श लागतोच. घटसर्प आणि धनुर्वाताचे जिवाणू तर ग्रॅम पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचे दुसरे पटल नसलेले आहेत, त्यांच्याकडे ही यंत्रणा नसतेच.

तिसरी चूक ‘विष’ या शब्दामुळे होते. आत सोडलेले प्रत्येक प्रथिन पेशीला मारत नाही. अनेक प्रथिने तिला वळवतात. साल्मोनेला टायफिम्युरियमचे सोप-ई हे प्रथिन पेशीचा सांगाडा हलवून पटलाला झालरी फुटायला लावते आणि पेशी त्या झालरींत जिवाणूला ओढून घेते. त्यानंतर त्याच सुईतून आलेले एसपीटी-पी हे प्रथिन पटल पुन्हा पूर्ववत करते. घरफोडी करून जाताना दार लावून घेणारा हा पाहुणा आहे, आणि इतकी नेमकी कामाची विभागणी पाहून दरवेळी मी थक्क होते. त्यामुळे अशा प्रथिनांना सरसकट विष न म्हणता ‘इफेक्टर’ म्हणावे.

प्रयोगशाळेतली चूक मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती हुशार विद्यार्थ्यांकडूनही होते. सटाण्याकडच्या एका विद्यार्थिनीने घरच्या बागेतून तेल्या या जिवाणूजन्य रोगाने ग्रासलेल्या डाळिंबाची पाने आणली होती. उजेडापुढे धरली की तेलकट डाग पारदर्शक दिसत होते. तिने त्यातून झॅन्थोमोनास हा तेल्याचा जिवाणू वेगळा केला, न्यूट्रियंट ब्रॉथ या पोषक द्रवात वाढवला, द्रव गाळून निरोगी पानात सोडला आणि आठवडाभर काहीच न दिसल्याने ‘जिवाणूची रोगकारकता गेली’ असे वहीत लिहिले. निष्कर्ष चुकला होता, जिवाणू नव्हे. तेल्याचा जिवाणूही टाइप थ्रीच वापरतो. झाडाच्या पेशीला जाड भिंत असल्याने त्याची नळी प्राण्यांच्या जिवाणूंच्या सुईपेक्षा पुष्कळ लांब असते, आणि ती घडवणारी ‘हर्प’ जनुके पोषक माध्यमात दबलेली राहून झाडाच्या आत किंवा तुटपुंज्या माध्यमात जागी होतात. ब्रॉथमध्ये शोधण्यासारखे फारसे काही नव्हतेच.

म्हणून गाळलेला द्रव नव्हे, जिवाणूच्या जिवंत पेशी वापराव्यात. त्या अपकेंद्रित करून (यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसवून) निर्जंतुक पाण्याने धुवाव्यात आणि दर मिलिलिटरला सुमारे दहा कोटींच्या घनतेचे मिश्रण सुई काढलेल्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने हलकेच आत दाबावे. पातळ मिश्रणात पानाच्या मोजक्याच पेशी प्रतिसाद देतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. जोरात दाबले तर नुसत्या इजेचा डाग पडतो आणि तो रोगाचा समजला जातो. यासाठी त्याच पानावर, मधल्या शिरेच्या पलीकडे, तितक्याच घनतेचे उष्णतेने मारलेले जिवाणू आणि शेजारी नुसते पाणी सोडून तिन्ही जागा पेनाने आखून ठेवाव्यात. जिवंत पेशींच्या चौकोनातच डाग आला, तर तो सुईचा. तिन्ही चौकोनांत आला, तर तो आपल्या अंगठ्याचा.