हिवाळ्यातल्या ग्रुप राइडला पेपरची दोन पानं

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि रविवारची सायकल राइड निघते सहाला. म्हणून नवखे जाडजूड स्वेटर चढवून येतात. खडकवासला येईपर्यंत तो घामाने भिजतो, मग कंबरेला बांधून मिरवावा लागतो. निघताना थोडी थंडी वाजू द्या. दहा-पंधरा मिनिटांत अंग तापतं. आत सिंथेटिक बनियन (सुती नको, ओलाच राहतो), वर जर्सी आणि मागच्या खिशात मावेल असं पातळ विंडचीटर पुरतं. हातमोजे मात्र पूर्ण बोटांचेच घ्या. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबला जात नाही.

खरी थंडी गाठते ती उतारावर. सिंहगडाचा घाट चढताना घाम निथळतो, वर पिठलं-भाकरी आणि गप्पांत अंग गार पडतं. उतरताना पाय थांबलेले आणि वारा थेट छातीवर. यावर सायकलवाल्यांचा जुना उपाय आहे: कालच्या पेपरची दोन पानं घडी करून जर्सीच्या आत, छातीवर सरकवायची. वारा अडतो, घामही थोडाफार टिपला जातो. महागड्या जॅकेटवाल्यांनी हसू दे खुशाल! पायथ्याशी आलं की पानं काढून खिशात ठेवा, रस्त्याकडेला नको.

अंधारात मागचा लाल दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, मागच्याचे डोळे दिपत नाहीत. मागे राहिलेल्यांसाठी थांबायचं तर झाडाखाली नव्हे, उन्हात थांबा.