शिकवणीचं इंग्रजी: अर्जात काय लिहावं, पाटीवर काय

जून उजाडला की कुडाळपासून चिपळूणपर्यंत नाक्यानाक्यावर ‘होम ट्यूशन्स’च्या पाट्या दिसू लागतात. पाटीवर ते खपून जातं, भारतभर सगळे तसंच म्हणतात. पण नोकरीचा अर्ज किंवा परदेशी विद्यापीठाचा फॉर्म भरायचा असेल, तर जरा थांबा.

आधी ठरवा, शिकवतंय कोण आणि शिकतंय कोण. मराठीत हा घोळ होत नाही. बाई शिकवणी घेतात, मुलगी शिकवणी लावते. पण बाईंचं ते ‘घेणं’ तसंच्या तसं उचलून आपण ‘आय टेक ट्यूशन्स’ लिहितो आणि अर्थ उलटा लागतो. इंग्रजीत ‘टेक लेसन्स’ म्हणजे शिकायला जाणं! मालवणात कित्येक वर्षं गणित शिकवणाऱ्या बाई कागदावर विद्यार्थिनी होऊन बसतात.

शिकवणाऱ्याने लिहावं: ‘आय गिव्ह प्रायव्हेट ट्यूशन इन मॅथ्स’. ‘आय टीच मॅथ्स प्रायव्हेटली’ त्याहून सरळ. मला तेच पसंत. शिकणाऱ्या मुलीबद्दल ‘शी हॅज अ मॅथ्स ट्यूटर’ म्हटलं की झालं. ‘ट्यूशन टीचर’ म्हणायची गरजच नाही, ‘ट्यूटर’ पुरे.

मग शेवटचा ‘स’ काढून टाका. ट्यूशन म्हणजे शिकवण्याचं काम, ते पाण्यासारखं, मोजता न येणारं. त्यामुळे ‘अ ट्यूशन’ही नाही आणि ‘टू ट्यूशन्स’ही नाहीत. आठवड्यातले तासच सांगायचे असतील तर लेसन्स मोजा: ‘थ्री लेसन्स अ वीक’.

आता कागद कुठे जाणार ते बघा. वरचं सगळं ब्रिटिश वळणाचं. अमेरिकेत ट्यूशन म्हणजे मुख्यतः कॉलेजची फी. तिथल्या फॉर्मवर ‘तुमची ट्यूशन कोण भरणार’ असं विचारलं असेल तर रत्नागिरीच्या क्लासचा हिशेब देऊ नका, विद्यापीठाच्या फीबद्दल लिहा. खाजगी शिकवणीसाठी तिकडे ‘ट्यूटरिंग’ किंवा ‘प्रायव्हेट लेसन्स’ हे शब्द बरे.

पाटी नव्याने रंगवायचीच असेल तर पेंटरला ‘मॅथ्स ट्यूशन, क्लासेस एट टू टेन’ एवढंच लिहून द्या. आणि मजकूर कागदावर द्या. फोनवर सांगितलात तर तो ‘स’ परत येईल.