पिशवीचं ऑपरेशन, मॉर्सेलेटर आणि कॅन्सर: अमेरिकेत क्लेम करायचा तर सुरुवात कुठून करायची

दुर्बिणीतून गर्भपिशवी काढली किंवा तिच्यातल्या फायब्रॉइडच्या साध्या गाठी काढल्या, बाई आठवड्यात हिंडूफिरू लागली, आणि मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला की गाठ साधी नव्हती, सार्कोमा नावाचा कॅन्सर होता. छोट्या भोकातून मोठी गाठ निघावी म्हणून पॉवर मॉर्सेलेटरच्या फिरत्या पात्याने पोटातच तिचे तुकडे करतात, आत कॅन्सर लपलेला असेल तर त्याचे कण पोटात पसरतात, आणि हा कॅन्सर ऑपरेशनआधी खात्रीने ओळखताच येत नाही.

डॉ. एमी रीड स्वतः भूलतज्ज्ञ होत्या, २०१३ मध्ये बॉस्टनला त्यांच्यासोबत हेच झालं, आणि त्या आणि त्यांचा नवरा हूमन नूरचाश्म जे लढले त्यामुळे आज आपल्याला हे माहीत तरी आहे. एप्रिल २०१४ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, सांगितलं की फायब्रॉइडसाठी ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० पैकी एकीला असा लपलेला सार्कोमा असू शकतो, जुलैत एथिकॉन या मॉर्सेलेटर बनवणाऱ्या कंपनीने आपली मशिन्स बाजारातून मागे घेतली, नोव्हेंबरात एफडीएने ठळक चौकटीतला इशारा आणला. एमी २०१७ मध्ये गेल्या.

तुमचं ऑपरेशन या तारखांच्या आधीचं की नंतरचं यावर बरंच ठरतं. आधीचं असेल तर मुद्दा हा की कंपनीने धोका सांगितला नाही. नंतरचं असेल तर कंपनी म्हणणार आम्ही लिहूनच दिलं होतं, मग प्रश्न डॉक्टर आणि हॉस्पिटलकडे वळतो, म्हणजे तुम्हाला सांगितलं का, आणि तुकडे करण्याआधी गाठ पोटातच एका बंद प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती की तशीच मोकळी होती.

म्हणून आधी ऑपरेटिव्ह रिपोर्ट मागा. डिस्चार्ज समरी नको, त्यात गाठ कशी बाहेर काढली हे बहुतेक नसतंच. हे शरीरात बसवायचं उपकरण नाही त्यामुळे मशीनचं स्टिकर फाइलला लावलेलं असेलच असं नाही, कंपनी आणि मॉडेल कळायला ऑपरेशन थिएटरच्या सामानाची नोंद आणि आयटमवार बिल पण मागा. लेखीच मागा, फोनवर नको, हिपा या पेशंटच्या कागदपत्रांबद्दलच्या कायद्याप्रमाणे साधारण ३० दिवसांत द्यावं लागतं.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, पॅथॉलॉजीच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे. नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅब हे कायम ठेवत नाही, म्हणून टाकू नका असं पत्र आत्ताच पाठवा, आणि स्लाइड्स एखाद्या मोठ्या कॅन्सर सेंटरमध्ये परत तपासून घ्या, केसपेक्षा जास्त ते ट्रीटमेंटसाठी लागतं.

केस दाखल करायच्या मुदतीचं मात्र कोणाच्या सांगण्यावर राहू नका. टेनेसी आणि केंटकीत एक वर्ष, पेनसिल्व्हेनियात दोन, कॅलिफोर्नियात उपकरणाच्या केसला दोन पण डॉक्टरवर करायची तर बहुधा एकच, न्यूयॉर्कमध्ये उपकरणाच्या केसला तीन पण डॉक्टरवर करायची तर अडीच, असा सगळा घोळ आहे. बऱ्याच राज्यांत कारण कळल्यापासून मुदत मोजतात, पण तो वाद वकिलाला घालू दे, तुम्ही जी सगळ्यात आधीची तारीख निघेल तीच धरून चाला. पेशंट गेली असेल तर घरच्यांच्या क्लेमची मुदत वेगळी असते.

वकील बहुधा जिंकल्यावरच फी घेतात, एक तृतीयांश ते ४० टक्के. खर्च फीच्या आधी कापणार की नंतर ते विचारा, आणि केस ते स्वतःच लढणार की दुसऱ्या फर्मला देणार हे पण. २०१५ मध्ये फेडरल केसेस कॅन्ससच्या कोर्टात एकत्र केल्या होत्या, बऱ्याच तडजोडीत मिटल्या, त्यामुळे आता तुमची केस स्वतंत्रच धरून चला. एफडीएची परवानगी होती म्हणून केस होत नाही असं कोणी म्हणालं तर लगेच मान्य करू नका, ही मशिन्स ५१०(के) नावाच्या सोप्या वाटेने आली होती आणि सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या मेडट्रॉनिक विरुद्ध लोर निकालानुसार नुसत्या त्या परवानगीमुळे केस अडत नाही.

आणि इकडे अमेरिकेत आलेल्या आईचं ऑपरेशन असेल, फॉर्म इंग्रजीत आणि दुभाषी म्हणून मुलगीच, तर डॉक्टर नेमके काय बोलले, तुम्ही आईला मराठीत काय सांगितलं, मॉर्सेलेटर हा शब्द तेव्हा निघाला होता का, हे तारखेसकट आजच लिहून काढा आणि तो कागद फक्त वकिलाला दाखवा.